मास झेफचा डावा डोळा

किंग्स्टन, ९ मार्च

आजोबा,

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता, म्हणून हा कागद. तो तुम्हाला वाचता येणार नाही हे मला ठाऊक आहे. उजवा डोळा काचबिंदूने कधीच नेला, आणि डाव्याला माझं अक्षर म्हणजे वाळूवरून खेकडा गेलेला. तेव्हा पोस्टातल्या मिस अ‍ॅडिनाच वाचून दाखवणार. नमस्कार, मिस अ‍ॅडिना. मध्येमध्ये तुमचं काही घालू नका, आणि जिथे मी गंमत केली आहे तिथे स्तोत्र म्हटल्यासारखं वाचू नका.

त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच लिहितो, की माझ्या बाप्तिस्म्याला तुम्ही, पास्टर आणि निम्मं पेलिकन बे पांढरे कपडे घालून कमरेइतक्या समुद्रात उभे होतात आणि मी मॅन्डव्हिलला चाललेल्या भोपळ्यांच्या ट्रकवर बसलो होतो. ट्रकवाल्याने नुसतं विचारलं होतं, "येतोस का?" कोणी असं विचारलं की माझे पाय आधी निघतात. तुमच्या होडीवरचा क्लोव्हिस सांगत होता, बाकीचे बाहेर आले तरी मास झेफ, म्हणजे तुम्ही, पाण्यातच उभे राहिलात. असो. नाही लिहिणार म्हटलं होतं.

बातमी ही, की मला नोकरी लागली आहे. प्रयोगशाळेत. कोट मिळाला आहे. पांढरा नाही, निळा आहे, पण कोट आहे. डॉक्टर पिनॉक नावाच्या बाई आहेत, त्या तुमच्याच आजारावर काम करतात. मी उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा बदलतो आणि खोलीतले दिवे वेळेवर लावतो-मालवतो, कारण उंदरांच्या डोळ्यातला दाब उजेड-अंधाराप्रमाणे चढतो-उतरतो. परवा त्या कॉलेजच्या मुलांना समजावत होत्या आणि मी झाडू घेऊन मागे उभा होतो. आजोबा, मला सगळं कळलं!

आपल्या किनाऱ्याच्या टोकाला ते खाऱ्या पाण्याचं तळं आहे ना, तसा डोळा असतो. आत सारखं नवं पाणी येत असतं आणि कोपऱ्यातल्या नाल्याने बाहेर जात असतं. नाल्याचं तोंड वाळूने बुजलं की तळं फुगतं आणि मागची झाडं कडेकडेने मरतात. तुमच्या डोळ्यामागची नस तशीच मरते, कडेने आत. म्हणून तर क्लोव्हिस बाजूने आला की तुम्ही दचकता. आता खरी मजा. त्या नाल्याच्या काठी बारीक बारीक खुंटे असतात. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात, मी खुंटा म्हणतो, आपण होडी बांधतो तसा. शरीर स्वतःच्या होड्या तिथे बांधतं. आणि गांजात जे द्रव्य आहे, तेही नेमकं त्याच खुंट्याला येऊन लागतं! ते लागलं की दाब उतरतो. उंदरांत तरी उतरतो. माणसांत जास्त वेळ टिकत नाही, डोकं गरगरतं, म्हणून अजून बरंच शोधायचं आहे म्हणतात.

म्हणजे गांजाने रात्रीची नजर तेज होते म्हणणारे तुमचे जुने कोळी थापा मारत नव्हते. पांढऱ्या रममध्ये गांजाचा पाला घालून बाटली घराखाली पुरायची, आणि घोटभर पिऊन अंधारात खडकांच्या फटीतून होडी काढायची. तुम्हीही प्यायचात, आजी सांगायची. मग बाप्तिस्मा घेऊन तारण झाल्यावर ती अख्खी बाटली तुम्ही समुद्रात ओतलीत.

डॉक्टर पुढे म्हणाल्या, "गांजात मुख्य द्रव्यं दोन. एक चढतं, दुसरं चढत नाही. दोन्ही त्या खुंट्यापाशी येतात. आणि हे जे दुसरं आहे ना..." तेवढ्यात बाहेर ओरडा झाला. कोणाच्या तरी लग्नासाठी आणलेला बोकड दोरी तोडून गाड्यांमध्ये शिरला होता. मी झाडू टाकला आणि धावलो. काय बोकड होता! पास्टरांच्या गाडीएवढ्या एका गाडीच्या टपावर चढून तो आम्हाला शिव्या देत होता. शेवटी मीच त्याला शिंगांना धरून उतरवलं. लग्नघरातल्या बाई म्हणाल्या, "पोरा, शनिवारी ये आणि याच्यातलाच तुकडा खा." गेलो. मटण जरा चिवट होतं, पण त्याच्या स्वभावाला शोभेल असं.

तर असं हे विज्ञान.

तुमचा,
ओशेन


किंग्स्टन, २७ एप्रिल

आजोबा,

उत्तर आलं नाही. मी वाट पाहत नव्हतोच.

या पत्रासोबत खोक्यात एक बाटली आहे. मिस अ‍ॅडिना, हलवून बघू नका, त्यात रम नाही. आजोबा, हेच ते. गांजातलं न चढणारं द्रव्य, खोबरेल तेलात. धूर नाही, नशा नाही, पाप नाही. पास्टरांना हुंगायला दिलंत तरी चालेल. चढणारं तुम्ही घेणार नाही हे मला माहीत आहे, जीव गेला तरी घेणार नाही, म्हणून मी मुद्दाम हे शोधून काढलं. खुंटा तोच, होडी मात्र शुद्ध, धुतलेली. रोज सकाळ-संध्याकाळ चार थेंब जिभेखाली.

लेबल नाही, कारण नवं आहे, अजून छापून आलेलं नाही. पुदिन्याचा वास येतो तो चवीसाठी. प्रयोगशाळेत हल्ली चवीचाही विचार करतात.

आणि हॉस्पिटलचं ते थेंबांचं औषध, जे घातलं की डोळ्यात मिरची गेल्यासारखं होतं म्हणून तुम्ही क्लोव्हिसवर ओरडता, ते मला वाटतं आता लागणारच नाही. एका खुंट्याला दोन होड्या कशाला बांधायच्या?

अलीकडे मी सूर्यास्त फार बघतो. किंग्स्टनमधूनही बरे दिसतात.

ओशेन


किंग्स्टन, १४ जून

आजोबा,

तुमचं पत्र आलं. अक्षर मिस अ‍ॅडिनांचं, पण आत तुम्ही आहात. "थेंब गोड आहेत. तुझ्या आजीच्या गोळ्यांसारखे." मी ते वाक्य इथल्या एका पोराला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "यात रडण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं की कळेल."

तुम्ही चर्चमध्ये उभे राहून साक्ष दिलीत, माझ्या नावाने. "माझा नातू पाण्यातून पळाला, पण देवाने त्याला विज्ञानाकडे पळवलं." सगळ्यांनी आमेन म्हटलं म्हणे. सिस्टर मर्टलना आणि वाडीवरच्या त्या म्हाताऱ्या सुताराला पण बाटली हवी आहे. त्यांना सांगा, सध्या माल कमी आहे. म्हणजे औषध कमी आहे.

हॉस्पिटलचे थेंब ईस्टरनंतर बंदच केलेत, हे वाचलं. डोळा आता जळत नाही. छान.

आणि संध्याकाळी दिव्याभोवती तुम्हाला इंद्रधनुष्यासारखं रंगीत कडं दिसतं, पूर्वी कधी दिसलं नव्हतं, आणि तुम्हाला ती कृपेची खूण वाटते. किती सुंदर, आजोबा. मला पण ते बघायला आवडलं असतं.

शेवटी मिस अ‍ॅडिनांनी स्वतःचं चार ओळींचं घातलं आहे, ते तुम्हाला वाचून दाखवलं नसेल. "वर किंग्स्टन लिहितोस, पाकिटावर ठसा नेग्रिलचा. बाळा, माझं आयुष्य ठसे मारण्यात गेलं आहे." मिस अ‍ॅडिना, त्याचं असं आहे, की प्रयोगशाळेची एक शाखा नेग्रिलला आहे. समुद्राची हवा उंदरांना मानवते. मी येऊन-जाऊन असतो.

इथे, म्हणजे तिथे, कड्यावरून पाण्यात उड्या मारणारा एक माणूस आहे, साठीचा असेल. पर्यटक टाळ्या वाजवतात. त्याने मला विचारलं, "शिकतोस का?" दोन उड्या मारल्या. पोट लाल झालं आहे.

ओशेन


नेग्रिल, २ ऑगस्ट

आजोबा,

घाईत लिहितो. ते तेल काही दिवस थांबवा. काळजीचं काही नाही. साठ्यात थोडा फरक पडला आहे, म्हणून जुन्या बाटल्या परत मागवल्या आहेत, अशी पद्धतच असते. आणि जमल्यास हॉस्पिटलचे थेंब परत सुरू करा. जमल्यास क्लोव्हिससोबत एकदा दाब मोजून या. सवडीने.

तब्येतीला जपा. इथे ऊन फार आहे.

ओशेन


पेलिकन बे, ३० ऑगस्ट, तुमच्याच व्हरांड्यात

आजोबा,

तुम्ही आत पडून आहात, रेडिओ लावला आहे. मी बाहेर पायरीवर बसून तुम्हाला पत्र लिहितो आहे. क्लोव्हिस आत्ताच बघून गेला. म्हणाला, "वेड लागलंय का? बारा पावलांवर माणूस आणि हा टपाल पाठवतोय." पण तोंडाने मला नीट सांगता येत नाही. तोंड उघडलं की मध्ये बोकड येतो. कागदावर निदान खोडता येतं.

क्लोव्हिसने फोन केला तेव्हा मी दुकानात होतो. "तुझ्या आजोबांनी होडी खडकावर घातली. भर उजेडात, सपाट समुद्रात. मी पुढे उभा राहून ओरडतोय, डावीकडे खडक आहे, डावीकडे! आणि म्हातारा शांतपणे विचारतो, 'डावीकडे काय आहे?' जन्मभर त्याच फटीतून गेलाय रे तो!" मग म्हणाला, "सुकाणू अजून त्याच्या हातात होतं. बाकी होडी नव्हती."

ब्लॅक रिव्हरच्या हॉस्पिटलात तुमच्या डोळ्याचा दाब मोजला तेव्हा मी तुमच्या मागे उभा होतो. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते परत येत नाही. डाव्या डोळ्यात मध्यभागी मासळीच्या पिंजऱ्याच्या तोंडाएवढं भोक उरलं आहे. थेंब रोज पडले तर तेवढं राहील, नाही पडले तर पुढचा उन्हाळा दिसणार नाही. त्यांनी विचारलं, "थेंब का बंद केले?" आणि तुम्ही म्हणालात, "माझीच श्रद्धा कमी पडली. नातवाने प्रयोगशाळेतून औषध पाठवलं, आणि मी मनातल्या मनात शंका घेतली."

मी तिथे होतो. भिंतीवरचं डोळ्याचं चित्र बघत उभा राहिलो.

आणि काल संध्याकाळी मी हॉस्पिटलची बाटली आणली, तर तुम्ही पलंगाखालून माझी काढलीत. बायबलच्या पिशवीत ठेवली होती. अजून तळाशी थोडं उरलं आहे. म्हणालात, "हे जळणारं नको. आता पूर्ण विश्वासाने तुझंच घेतो. तूच घाल जिभेखाली." मी म्हटलं, "उद्या बघू." कालचे थेंब राहिले. आज संध्याकाळी परत विचाराल. म्हणून हे.

प्रयोगशाळा नाही, आजोबा. होती, बोकडाच्या दिवसापर्यंत. मी दिवे न मालवता धावलो, आणि नंतर शिंगं, बाई, गप्पा यात दिवे रात्रभर जळत राहिले. उंदरांना दिवस-रात्र कळेना, मोजणीचं पार मातेरं झालं. डॉक्टर पिनॉक ओरडल्या नाहीत. निळा कोट घडी करून द्यायला सांगितला. पहिलं पत्र मी त्यानंतर लिहिलं. कोट तेव्हा माझ्याकडे नव्हता.

नेग्रिलला एक दुकान आहे, पर्यटकांसाठी. मोठ्या कॅनमधलं तेल मी छोट्या बाटल्यांत भरतो, पुदिन्याचा अर्क टाकतो आणि विकतो. पाठदुखीला, झोपेला, गुडघ्याला, ज्याला जे हवं त्याला. तुमच्या बाटलीचं लेबल मी गरम पाण्यात भिजवून नखाने काढलं. त्यावर पोपट होता.

जुलै संपताना डॉक्टर पिनॉक दुकानात आल्या, बहिणीच्या मुलांना समुद्र दाखवायला आल्या होत्या. मी पाठमोरा होतो, एका गोऱ्या म्हाताऱ्याला सांगत होतो, "डोळ्यांना एक नंबर! काचबिंदूला तर रामबाण. माझे आजोबा हेच घेतात."

मागून आवाज आला, "ओशेन, तुझे आजोबा काय घेतात?"

मी वळलो. त्यांनी बाटली उचलली, हुंगली, खाली ठेवली. "यातलं न चढणारं द्रव्य?"

"हो डॉक्टर. त्याच खुंट्याचं. तुम्हीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं मी? पूर्ण सांग."

मी सांगितलं. दोन द्रव्यं, एक चढतं, एक नाही, दोन्ही खुंट्यापाशी येतात.

"आणि पुढे?"

पुढे बोकड होता, आजोबा.

त्या दुकानाच्या दारातच, हातात मुलांची आइस्क्रीमं धरून, त्यांनी ते वाक्य पुरं केलं. हे दुसरं द्रव्य खुंट्याला बांधलं जात नाही, त्याला आडवं येऊन राहतं. शरीराच्या स्वतःच्या होड्यांनाही मग तो खुंटा नीट मिळत नाही. उंदरांत त्यांनी पाहिलं आहे, दाब उतरत नाही, उलट चढतो. "म्हणून मी त्या मुलांना म्हणत होते, की गांजा म्हणजे डोळ्याचं औषध असं सरसकट कधी बोलू नका. कोणतं द्रव्य, कोणता खुंटा, किती वेळ, हे कळल्याशिवाय नाही." मग विचारलं, "हॉस्पिटलचे थेंब तरी चालू आहेत ना? त्यांचे खुंटे निराळे आहेत, त्यांना कोणाची आडकाठी नाही."

मी म्हटलं, "चालू आहेत."

असं का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. आइस्क्रीम त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

"नक्की? आत्ता फोन कर त्यांना. तेल आत्ताच्या आत्ता बंद. आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का विचार. दिसत असतील तर दाब खूप चढला आहे, त्याच दिवशी हॉस्पिटल."

तुमचं इंद्रधनुष्य, आजोबा. मी त्याला सुंदर म्हटलं होतं.

आता सगळ्यात घाणेरडं. मी फोन केला नाही. तुम्ही ठेवून दिला असता हे खरं, पण पोस्टात मिस अ‍ॅडिनांच्या टेबलावर फोन आहे, आणि त्या कधीच ठेवत नाहीत. एक मिनिटाचं काम. पण त्यांना तोंडाने सांगावं लागलं असतं, प्रयोगशाळा नाही, पोपटाचं लेबल आहे, आणि मास झेफ ज्याच्या नावाने चर्चमध्ये उभे राहिले तो तेल विकतो. ते सांगायला लागू नये म्हणून मी दोन दिवस गप्प बसलो आणि मग चार ओळी लिहिल्या. "सवडीने", असं लिहिलं. आणि पाकीट टपालात टाकलं. ते क्लोव्हिसच्या फोननंतर तुमच्याकडे पोचलं, आणि त्यातले 'काही दिवस' आता सरले असं तुम्ही धरलंत. तुम्ही खडकाकडे निघालात तेव्हा ते रस्त्यात कुठेतरी पोत्यात होतं.

बोकडामागे धावलो ती चूक म्हणता येईल. ही नुसती चूक नाही.

हे पत्र मी दुपारीच मिस अ‍ॅडिनांकडे नेलं होतं, इथपर्यंतचं. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान मनात वाचलं, दुसरं वाचलं, चष्मा काढला. म्हणाल्या, "इंद्रधनुष्याचं मी त्यांना हसत हसत वाचून दाखवलं रे. तुझ्या 'किती सुंदर'ला मी आवाज चढवला होता." मग कागद घडी करून माझ्या खिशात कोंबले. "खोटं होतं तोवर मी वाचलं. आता जा आणि स्वतः वाच. आणि पायरीवर बसून नको, खोलीत जाऊन."

तेव्हा आजोबा, हे आत्ता तुम्ही ऐकताय ते माझ्या तोंडून. मी तुमच्या पलंगापाशी उभा आहे. सरळ समोर, जिथून मी तुम्हाला त्या भोकातून दिसेन. रेडिओ मी बंद केला आहे, तुम्ही ओरडलात तरी लावणार नाही.

श्रद्धा कमी पडली नाही तुमची. पुरेपूर होती, आणि ती चुकीच्या बाटलीवर होती, कारण बाटली मी पाठवली. रविवारी चर्चमध्ये मी उठून हे सांगेन. सिस्टर मर्टलपुढे, सुतारापुढे. तुम्ही आलात तर तुमच्यापुढे.

पुदिन्याची बाटली मी पिशवीतून काढून घेतली आहे. हॉस्पिटलची माझ्या हातात आहे. आधी ती तुमच्या नाकाशी धरेन, कसलाच वास येणार नाही. जळेल, मिरचीसारखं जळेल, त्याला माझ्याकडे काही गोड उपाय नाही.

मग मी थांबेन. थेंबांसाठी तुम्ही मान मागे टाकाल की नाही, ते मला लिहिता येत नाही. दार दाखवलंत तर दारात उभा राहीन आणि थेंबांच्या वेळेला पुन्हा आत येईन. बाहेर मघापासून कोणाचा तरी ट्रक उभा आहे, भोंगा वाजवतो आहे. वाजवू दे. त्या दिवशी सगळे बाहेर आले तरी तुम्ही पाण्यात उभे होतात.

मी उभा आहे, आजोबा.

ओशेन